वाघाला शिकार आली, पुढे काय?

कुंपणात वाढलेला वाघ रानात सोडायचा म्हटलं की दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, ‘उपाशी मरेल’. कुणी म्हणतं, ‘रक्तातच आहे, आपोआप जमेल’. दोन्ही मतं अर्धवट आहेत.

गैरसमज १ : आई नसेल तर बछड्याला शिकार येतच नाही.
वस्तुस्थिती : दबा धरणं, झडप घालणं उपजतच असतं. सरावाने येते ती सफाई : केव्हा उठायचं, नरडं कुठे पकडायचं, शिंगं कशी चुकवायची. मध्य प्रदेशात कान्हाच्या जंगलातल्या दोन अनाथ बहिणी कुंपणात सोडलेल्या जिवंत भक्ष्यावरच हे शिकल्या. त्याच राज्यातल्या पन्ना व्याघ्रप्रकल्पातले वाघ २००९ पर्यंत संपले होते. तिथे पुन्हा वाघ आणताना २०११ मध्ये या दोघींनाही सोडलं. त्या शिकार करून जगल्या. त्यांच्यातल्या टी-४ ने पुढे पिल्लंही दिली.

गैरसमज २ : शिकार जमली की वाघ रानात सोडायला तयार झाला.
वस्तुस्थिती : यवतमाळ जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘अवनी’ वाघीण मारली गेली. तिच्या मादी बछड्याला डिसेंबरमध्ये पकडून पेंच व्याघ्रप्रकल्पातल्या कुंपणात ठेवलं. दोन वर्षांत ती उत्तम शिकार करू लागली. मार्च २०२१ मध्ये या तरुण वाघिणीला रेडिओ कॉलर लावून सोडलं आणि काही दिवसांतच दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती जबर जखमी झाली. नागपूरच्या गोरेवाड्यात उपचार सुरू असताना ती दगावली.

रानातला बछडा आईमागे फिरताना झाडावरचे ओरखडे आणि मुताचा वास ‘वाचायला’ शिकतो : ही हद्द कुणाची, इथून काढता पाय कधी घ्यायचा. कुंपणात शेजारीच नसतो, मग हा धडा गिरवणार कुठे? पन्नात तेव्हा मोजकेच वाघ होते, जागा मोकळी होती. म्हणूनच कोणता वाघ सोडायचा याइतकंच तो कुठे सोडायचा हेही महत्त्वाचं ठरतं.

गैरसमज ३ : मायेने वाढवलेला वाघ माणसाला त्रास देत नाही.
वस्तुस्थिती : उलट, माणसाळलेला वाघच जास्त धोक्याचा. माणूस दिसला की खायला मिळतं, हे त्याच्या डोक्यात बसलं तर सुटल्यावर तो गावाकडे वळू शकतो. म्हणून भक्ष्य आत सोडताना माणूस त्याच्या नजरेस पडू देत नाहीत. त्याच्यावर लक्ष कॅमेऱ्यातून ठेवतात. नाव ठेवणं, कुरवाळणं, फोटोसाठी जवळ घेणं, सगळं वर्ज्य.

गैरसमज ४ : उसात एकटा सापडलेला बिबट्याचा बछडा अनाथच असतो.
वस्तुस्थिती : जुन्नर पट्ट्यात मादी उसाच्या फडातच पिल्लं घालते आणि त्यांना तिथे ठेवून शिकारीला जाते. तोड सुरू झाली की पिल्लं उघडी पडतात. अशा वेळी वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारण केंद्रातले पशुवैद्य त्यांना तपासतात आणि सांजवेळी खोक्यात घालून सापडल्या जागीच ठेवतात. अंधार पडल्यावर मादी येते, हुंगते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते.

ती नेते तेव्हा कुंपण, कॉलर, वर्षानुवर्षांची तयारी यांतलं काहीच लागत नाही. हद्दीचे धडेही आईच देते. म्हणून बछडा दिसला तर उचलू नका. तोड थांबवा, गर्दी हटवा आणि वनखात्याला १९२६ वर कळवा.