काळा दगड आणि वाहती आग

कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाताना डोंगरांच्या कडा नीट पाहा. एकावर एक पायऱ्या रचाव्यात तसे काळ्या दगडाचे थर दिसतात. हा दगड म्हणजे बेसाल्ट. रस्त्यावर पसरतात ती खडी बहुधा याचीच असते. हा कठीण दगड एकेकाळी वाहत होता, हे तुम्हाला खरे वाटेल का?

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून तापलेला शिलारस, म्हणजे लाव्हा, बाहेर आला. ज्वालामुखी म्हटले की आपल्याला टोकदार डोंगर आठवतो. उर्दूतील ‘आतिशफिशां’ या शब्दाचा अर्थही आग उधळणारा असा आहे. पण येथे आग उधळली कमी आणि वाहिली जास्त. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा पसरे. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हे थर आहेत.

असा वाहता लाव्हा आपल्या देशात पाहता येईल का? अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटावर जागृत ज्वालामुखी आहे. दीर्घ शांततेनंतर 1991 साली त्याचा पुन्हा उद्रेक झाला. मात्र त्या बेटावर वस्ती नाही आणि प्रवाशांना तेथे उतरू देत नाहीत.

अमेरिकेच्या हवाई बेटावर किलावेया नावाचा ज्वालामुखी आहे. तेथे 1983 पासून 2018 पर्यंत जवळजवळ सतत लाव्हा वाहत होता. तो पाहण्यासाठी लोक थंड झालेल्या लाव्हावरून कित्येक किलोमीटर चालत जात. ही वाट सोपी नव्हती. कोठे दगड पिळलेल्या दोरासारखा गुळगुळीत असतो. त्याला तेथील लोक ‘पाहोएहोए’ म्हणतात. कोठे तो खडबडीत आणि काचेसारखा धारदार असतो. त्याचे नाव ‘आ-आ’! त्यावर पडल्यास हात-गुडघे सोलून निघतात. म्हणून जाड तळव्याचे बूट, हातमोजे आणि भरपूर पाणी घ्यावे लागते.

खरा धोका वेगळाच आहे. लाव्हा सुमारे 1,100 अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो. त्याचा वरचा पापुद्रा लवकर काळा पडतो, आत मात्र आग वाहतच असते. लाव्हा समुद्रात पडतो तेथे तर अधिकच जपावे लागते. नवी जमीन अचानक कोसळते आणि आम्लयुक्त वाफ उठते. 2018 साली याच ज्वालामुखीच्या लाव्हाने सुमारे 700 घरे नष्ट केली.

आपल्याकडचा लाव्हा केव्हाच थंड झाला आहे. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा लालसर जांभा दगडही त्याच्यापासूनच झाला. ऊन-पावसाने काळा दगड हळूहळू बदलत गेला. डोंगरात रस्त्यासाठी कापलेली कडा दिसली, तर दुरूनच तिचे निरीक्षण करा. दगडात बारीक छिद्रे दिसतील. लाव्हातील वायूचे बुडबुडे तेथे अडकले होते. दोन काळ्या थरांमध्ये कधी विटकरी मातीची पट्टीही असते. खालचा थर थंड होऊन त्याची माती होऊ लागली, तोच वरून पुन्हा आग वाहत आली.