बेंदूर : पीक हाती येण्याआधीचे आभार

चंदगड : वर्षभर पहाटेपासून खांद्यावर जू वागवणाऱ्या बैलाला एक दिवस कोणीही औताला जुंपत नाही. त्या दिवशी त्याला नदीवर किंवा ओढ्यावर नेऊन अंग चोळून अंघोळ घातली जाते, शिंगे घासून रंगवली जातात, अंगावर झूल चढते आणि घरातील माणसे जेवायला बसण्याआधी त्याच्यापुढे पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला जातो. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात हा दिवस पोळा म्हणून ओळखला जातो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या पट्ट्यात तो बेंदूर. नाव कोणतेही असो, बैलाबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारा सण अशीच त्याची ओळख शाळेच्या पुस्तकापासून वर्तमानपत्रापर्यंत सर्वत्र करून दिली जाते. मात्र ही कृतज्ञता नेमकी कशाबद्दल आणि ज्या घरात आता बैलच उरला नाही त्या घरात तिचे काय होते, याचा विचार फारसा होत नाही.

जगात आभाराचे सण अनेक आहेत. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी कुटुंबे एकत्र जेवतात. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये या दिवसाची राष्ट्रीय घोषणा केली आणि १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार निश्चित झाला. तमिळनाडूत जानेवारीत पोंगल येतो आणि त्यातील मट्टू पोंगल हा दिवस गुराढोरांचा असतो. या दोन्ही सणांमध्ये एक गोष्ट समान आहे. धान्य घरात आलेले असते, कणगी भरलेली असते आणि मग आभार मानले जातात.

बेंदराचे तसे नाही. हा सण ऐन पावसाळ्यात येतो. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला असतो. तेव्हा मृगाचा पाऊस नुकताच सुरू झालेला असतो किंवा त्याची वाट पाहणे चाललेले असते. महाराष्ट्रीय बेंदूर आषाढी पौर्णिमेच्या आसपास, पेरणी-लावणीच्या धांदलीत येतो. पोळा श्रावणी अमावास्येला, पीक शेतात उभे असताना. म्हणजे तिन्ही वेळा पीक शेतकऱ्याच्या हाती आलेले नसते. पाऊस पुढे दगा देईल, कीड पडेल, भाव कोसळेल, यातले काहीही अद्याप ठरलेले नसते. तरीही बैलाचे आभार मानले जातात. हे आभार पिकाचे नाहीत, श्रमाचे आहेत. बैलाने आपले काम केले, फळ मिळो वा न मिळो, त्याचे देणे चुकते केले पाहिजे, असा या सणाचा सरळ हिशेब आहे.

तीन रीतींच्या सीमेवर

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याचा दक्षिण टोकाचा तालुका. पूर्वी तो बेळगाव जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि एकटा चंदगड तालुका त्यातून वेगळा होऊन कोल्हापूरला जोडला गेला. राज्याची सीमा बदलली, पण माणसांचे बाजार, सोयरिकी आणि सणवार एका रात्रीत बदलत नाहीत. तालुक्याच्या पूर्वेला बेळगाव आहे, उत्तरेला गडहिंग्लज आणि आजरा, तर पश्चिमेला व दक्षिणेला घाट उतरला की सिंधुदुर्ग आणि गोवा.

गुरांचे आभार मानण्याच्या तीन रीती या तीन दिशांना आढळतात. पूर्वेकडे कन्नड मुलखात ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुण्णिमे म्हणतात. तोच आपल्याकडचा कर्नाटकी बेंदूर. त्या दिवशी सायंकाळी वेशीवर आडवे तोरण बांधून बैल पळवले जातात. याला कर तोडणे असे म्हणतात. आधी पुढे गेलेल्या बैलाच्या रंगावरून त्या वर्षी कोणते पीक चांगले येईल याचा अंदाज बांधण्याची प्रथा आहे. उत्तरेकडे कोल्हापूर जिल्ह्याच्या इतर भागात महाराष्ट्रीय बेंदूर साजरा होतो. घाटाखाली मात्र गुरांचा मुख्य दिवस दिवाळीतील पाडवा. गोव्यात त्याला गोरवांचा पाडवो म्हणतात आणि गोठ्यात गाईगुरांना फुलांच्या माळा घालून त्यांची पूजा होते. सह्याद्रीच्या माथ्यावर भात आणि नाचणी, तर पूर्वेकडे ऊस पिकवणारा हा तालुका अशा तीन रीतींच्या सीमेवर वसलेला आहे.

सुटी हाच खरा नैवेद्य

बेंदराच्या वर्णनात झूल, बाशिंग, बेगड, घुंगुरमाळा आणि मिरवणूक यांनाच बहुधा जास्त जागा मिळते. सणाचा गाभा मात्र त्याहून साधा आहे. त्या दिवशी बैलाला काम सांगायचे नाही, त्याच्यावर चाबूक उगारायचा नाही. पोळ्याच्या मुलखात आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप किंवा तेल चोळले जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण बैलाला दिले जाते. ज्या अवयवाने भार सोसला, त्याच अवयवाची आधी विचारपूस होते.

ही सुटी शेतकऱ्याला फुकट पडत नाही. चंदगडच्या पश्चिम भागात पावसाचा जोर मोठा असतो आणि भाताची चिखलणी व रोप लागण ठराविक दिवसांतच उरकावी लागते. अशा वेळी औत दिवसभर उभे ठेवणे म्हणजे कामाचा एक मोलाचा दिवस सोडणे. देणाऱ्याला ज्याची झळ लागत नाही, ते दान खरे नव्हे, ही जुनी समजूत या सणामागे दिसते. ऐन गरजेच्या दिवसांत दिलेली सुटी असल्यामुळेच तिला मोल आहे.

घरातील इतर राबणाऱ्यांपर्यंतही ही कृतज्ञता काही प्रमाणात पोहोचत असे. सालगड्याला नवे कपडे आणि गोडाधोडाचे जेवण देण्याची चाल अनेक भागांत होती. कुंभार मातीचे बैल घरोघरी देत असे आणि त्याबदल्यात त्याला धान्य व पोळी मिळत असे. ही व्यवस्था समतेची नव्हती. मिरवणुकीत पुढे कोणाचा बैल आणि मागे कोणाचा, हे मानापानावर ठरे आणि त्यावरून भांडणेही होत. तरीही राबणाऱ्यांची आठवण ठेवणारा एक दिवस गावाच्या पंचांगात होता, हे नाकारता येत नाही.

एका व्यक्तीचे नाव मात्र या यादीत क्वचितच येते. गोठ्यातील शेण काढणे, वैरण टाकणे, पाणी दाखवणे ही कामे बहुतेक घरांत वर्षभर बायकाच करतात. बेंदराला बैल मिरवतो तो पुरुष. पुरण वाटते, पोळ्या लाटते आणि बैलाला ओवाळते ती घरातील बाई. बैलाच्या सुटीच्या दिवशी तिचे काम कमी होत नाही, उलट वाढते.

बैल नसलेल्या घरांचा बेंदूर

गेल्या काही दशकांत या सणाचा पायाच बदलू लागला आहे. देशाच्या २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गोवंशाची एकूण संख्या सुमारे १९ कोटी २५ लाख होती. त्यापैकी सुमारे १४ कोटी ५१ लाख गाई होत्या. आधीच्या २०१२ च्या गणनेच्या तुलनेत गाईंची संख्या १८ टक्क्यांनी वाढली, तर वळू, बैल व गोऱ्हे मिळून नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. दूध देणारे जनावर घरात राहिले आणि ओढणारे गेले, असे या आकड्यांवरून दिसते.

त्याची कारणे शेतकऱ्याच्या घरातच आहेत. वाटण्या होत जमिनीचे तुकडे झाले आणि थोड्या दिवसांच्या मशागतीसाठी वर्षभर जोडी पोसणे परवडेनासे झाले. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर भाड्याने मिळू लागले. दुधासाठी संकरित गाई आल्या. त्यांच्या गोऱ्ह्यांना जू अडकवण्यासारखे वशिंड नसल्यामुळे ते औताच्या उपयोगाचे ठरत नाहीत. घरातील तरुण मुलगे नोकरीसाठी बेळगाव, गोवा, पुणे आणि मुंबईला गेले. गोठा सांभाळायला म्हातारी माणसे तेवढी उरली.

तरीही बेंदूर थांबलेला नाही. ज्यांच्या दावणीला बैल नाही, ती कुटुंबे बाजारातून मातीची जोडी आणतात, देवापुढे मांडतात आणि तिलाच पोळीचा नैवेद्य दाखवतात. कोल्हापूर शहरात बेंदराच्या आधी मातीच्या बैलांचा बाजार भरतो आणि शेतीशी संबंध सुटलेली घरेही तेथे खरेदी करतात. विदर्भात लाकडी बैलांचा तान्हा पोळा आहे. ती परंपरा नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासूनची मानली जाते. बैल गेल्यानंतरही त्याचे ऋण घरातून गेलेले नाही, असे ही माणसे त्या मातीच्या जोडीपुढे हात जोडून सांगत असतात. जी शेती त्यांना शिक्षणापर्यंत आणि शहरापर्यंत घेऊन आली, ती कोणाच्या तरी खांद्यावर उभी होती, ही आठवण मुलांना देण्याचा तो एक मार्ग आहे.

म्हाताऱ्या बैलाचा प्रश्न

आठवण जपणे सोपे आहे. जिवंत बैलाशी प्रामाणिक राहणे कठीण. म्हातारा झालेला बैल ओढू शकत नाही, पण वैरण खातो. पूर्वी असे बैल बाजारात विकून त्यात भर घालून नवी जोडी घेतली जाई. राज्यातील प्राणिसंरक्षण कायद्याच्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यानंतर म्हातारे बैल विकण्याची वाट अरुंद झाली. काहींच्या मते ही मुक्या जनावराला मिळालेली न्याय्य सोडवणूक आहे, तर काहींच्या मते अल्पभूधारकाच्या डोक्यावर टाकलेला भार. वाद कायद्याचा असला तरी खुंट्याला बांधलेल्या बैलापुढे वैरण टाकायची की नाही, हा निर्णय रोज सकाळी त्या कुटुंबालाच घ्यावा लागतो. वर्षातून एकदा दाखवलेली पोळी आणि उरलेल्या ३६४ दिवसांची वैरण, यांतले अंतर तेथे स्पष्ट दिसते.

आता अनेक गावांत ट्रॅक्टरलाही हार घालून मिरवणुकीत आणले जाते. त्यात वावगे काही नाही. अवजारांची पूजा दसऱ्यालाही होतेच. पण यंत्र थकत नाही. त्याला हार घालताना मालकाला काही सोडावे लागत नाही. बैलाला दिलेल्या सुटीत कामाचा एक दिवस खर्ची पडत होता आणि त्या खर्चातच आभाराचा अर्थ होता.

म्हणून बैल नसलेल्या घरांपुढे खरा प्रश्न मातीची जोडी आणावी की नाही, हा नाही. आपल्या घराचा भार आज कोणाच्या खांद्यावर आहे, हा आहे. गावाकडे गोठा सांभाळणारी आई असेल, शेत कसणारा भाऊ असेल किंवा शहरातील घरी रोज भांडी घासायला येणारी बाई असेल. बेंदराने घालून दिलेली रीत अशी की त्यांचे आभार पीक हाती येण्याची वाट न पाहता मानायचे आणि तेही ऐन कामाच्या दिवसांत त्यांना एक दिवस विसावा देऊन. त्या दिवशी पोळ्या कोणी लाटायच्या, हेही मग घरातील इतरांनी ठरवायला हवे.