पिशवी काढण्याआधी



दसरा झाला की आपल्या शिवारात टोळ्या उतरू लागतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, पहाटे चुली पेटतात आणि कोयता चालू होतो. या पानावर आपण लागणीची तारीख, तोडणीचा क्रम, उतारा यांविषयी नेहमी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. तो म्हणजे बायकांच्या पाळीचा त्रास आणि त्यावरचा इलाज.

शेतकी खात्याच्या माणसाने यावर का लिहावे, असे काहींना वाटेल. त्याला उत्तर एवढेच की, आपण ज्याला एक कोयता म्हणतो ती नवरा-बायकोची जोडी असते. अर्धा कोयता बाईच्या हातात असतो. वाकून ऊस तोडणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन गाडी भरणे ही कामे पाळीच्या दिवसांतही तिला चुकत नाहीत. आणि हा त्रास टोळीपुरताच आहे असेही नाही. आपल्या घरातल्या लेकीसुनाही तो सोसतात, फक्त बोलत नाहीत.

बीड जिल्ह्याचा धडा

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ महिलांची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. त्याच सुमारास झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या थोडे वर होते. या दोन आकड्यांतले अंतर पाहिले की बाकी काही सांगावे लागत नाही.

असे का होते? घेतलेली उचल फेडायची असते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाणी लांब, आडोसा नाही, कापड धुवायला-वाळवायला जागा नाही. त्यातच कोणीतरी सांगतो, "लेकरं झाली, आता पिशवीचं काम काय? काढून टाका, कटकट मिटेल." कोणी कॅन्सरची भीती घालतो. मग ऑपरेशनसाठी पुन्हा उचल, आणि ती फेडायला पुन्हा कोयता.

पिशवी काढली की पाळी थांबते हे खरे. पण तिच्याबरोबर अंडाशयेही काढली तर तरुण वयातच पाळी जाण्याचे सगळे परिणाम सुरू होतात. अंगाची लाही होते, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी काही जणींत ती लवकर थकतात. आणि पांढरे जाणे किंवा कंबरदुखी हे दुखणे पिशवीचे नसेल तर ते ऑपरेशननंतरही तसेच राहते.

आधी कारण शोधा

खोडवा केवडा पडून पिवळा झाला म्हणून आपण बेट उपटून टाकतो का? आधी पाहतो की लोह कमी पडले आहे, पाणी साचले आहे की मुळाला हुमणी लागली आहे. त्याप्रमाणे इलाज करतो. माणसाच्या शरीराला निदान तेवढा तरी न्याय द्यावा.

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालणे, तासा-दोन तासाला कापड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, दुखण्याने उभे न राहवणे, ही दवाखान्यात जाण्याची लक्षणे आहेत. दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त जात असेल तर अजिबात थांबू नये. दवाखान्यात गर्भ नाही याची खात्री, हिमोग्लोबिन, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आणि गरजेप्रमाणे थायरॉईड व सोनोग्राफी होते. गाठ आहे, जंतुसंसर्ग आहे की नुसते संप्रेरकांचे मागेपुढे झाले आहे, हे त्यावरून ठरते.

रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या काही महिने नेमाने घ्याव्यात. चहाबरोबर घेऊ नयेत, लोह अंगी लागत नाही. काही जणींना त्या चार दिवसांपुरत्या रक्तस्राव व दुखणे कमी करणाऱ्या गोळ्याच पुरतात. तेवढ्याने भागले नाही तर पुढचा इलाज संततिनियमनाच्या साधनांत आहे, आणि नेमकी हीच गोष्ट पुष्कळांना माहीत नसते.

"माझं आपरेशन झालंय की"

गेल्या हंगामात एका टोळीतील तिशीच्या आतली बाई आपल्या दवाखान्यात आली. महिन्याला नऊ-नऊ दिवस अंगावरून जात होते. पिशवी काढायचे घरात ठरलेच होते. सिस्टरनी पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा विषय काढला, तर ती म्हणाली, "सिस्टर, माझं आपरेशन झालंय की. दोन लेकरं हायेत. मला कशापायी त्या गोळ्या?"

सिस्टर म्हणाल्या, "ताई, त्या ऑपरेशननं नळी बंद झाली, पाळी नाही. या गोळ्यांनी पिशवीच्या आतलं अस्तर जाड होत नाही. अस्तर पातळ, म्हणून जाणंही कमी. तुला त्या औषध म्हणून घ्यायच्या आहेत."

हे वाक्य प्रत्येक घरात पोचले पाहिजे. नसबंदी झालेल्या बाईलाही ही साधने पाळीच्या इलाजासाठी वापरता येतात. कोणते साधन कोणाला, हे पुढीलप्रमाणे पाहावे.

माला-एन : सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या व ७ लोहाच्या असतात. रोज एक घ्यायची. पाळी नेमाने येते, जाणे व दुखणे दोन्ही कमी होते. मात्र रक्तदाब, रक्ताच्या गुठळीचा आजार, डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी असेल किंवा अंगावर पिणारे मूल सहा महिन्यांच्या आतले असेल तर ही गोळी नको. विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्रीची सवय असेल तर न लाजता डॉक्टरांना सांगावे. रोजची आठवण राहणार नसेल तरी दुसरे साधन बरे.

छाया : ही संप्रेरकांची गोळी नव्हे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिचा शोध लागला. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, दुसरी तीन दिवसांनी, आणि तेच दोन वार तीन महिने धरायचे. पुढे आठवड्याला एकच. वार ठरलेला असल्याने आठवडी बाजारासारखा लक्षात राहतो. पाळी लांबते आणि जाणे कमी होते. लांबली म्हणून घाबरू नये, पण पंधरा दिवसांहून जास्त उशीर झाला तर गर्भाची तपासणी करावी. फार रक्तस्रावासाठी डोस वेगळा असतो, तो डॉक्टरांनीच ठरवावा. कावीळ नुकतीच झालेली असेल किंवा अंडाशयावर गाठींचा त्रास असेल तर ही गोळी देत नाहीत. वर सांगितलेल्या बाईने डॉक्टरांशी बोलून हीच निवडली, जोडीला लोहाच्या गोळ्या घेतल्या. संक्रांतीनंतर तिचे नऊ दिवसांचे पाच दिवस झाले.

अंतरा : दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, तेही सरकारी दवाखान्यात मोफत. सुरुवातीला पाळी अवेळी येते, ठिपके लागतात. पुढे बऱ्याच जणींची पाळी थांबतेच. रक्त आत साठते हा गैरसमज आहे. अस्तरच तयार होत नाही तर साठणार काय? ज्यांना लवकर मूल हवे आहे त्यांनी हे घेऊ नये, कारण बंद केल्यावर गर्भ राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. टोळीतल्या बाईची खरी अडचण तारखेची. पहिले इंजेक्शन गावी, दुसरे फडावर. म्हणून कार्ड जवळ ठेवावे. तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत ते घेता येते, आणि कोणत्याही सरकारी केंद्रात कार्ड दाखवून मागता येते.

तांबी : पाळणा लांबवायला उत्तम, पण पहिले काही महिने तिने जाणे व दुखणे वाढते. ज्या बाईला आधीच जास्त जाते तिच्यासाठी हे पहिले साधन नव्हे. तांबी बसवल्यापासूनच त्रास वाढला असेल तर काढायची तर तांबी काढावी, पिशवी नव्हे.

संप्रेरकाची तांबी : दिसायला तांबीसारखी, पण तांब्याऐवजी संप्रेरक सोडणारी. भरपूर रक्तस्रावावर हा फार गुणकारी इलाज आहे. एकदा बसवली की काही वर्षे पाहायला नको. सुरुवातीचे काही महिने ठिपके लागतात, पुढे जाणे अगदी कमी होते. खाजगीत हिला काही हजार रुपये पडतात. पण पिशवीच्या ऑपरेशनचा खर्च, वर महिना-दीड महिना वजन उचलायचे नाही म्हणून बुडणारी मजुरी, हा हिशेब मांडला तर ती महाग ठरत नाही.

एक सूचना मुद्दाम करावीशी वाटते. सणावाराला, वारीला किंवा खाडा होऊ नये म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात. त्या संततिनियमनाच्या गोळ्या नव्हेत. महिन्यामागून महिने आपल्या मनाने त्या घेऊ नयेत.

ठरवायचे कोणी?

ज्या बाईचे अंग, तिने. नवऱ्याने सोबत जावे, ऐकावे, पण उत्तर तिचे असावे. तिने स्वतःला चार प्रश्न विचारावेत : मला अजून मूल हवे का? माझा त्रास जाण्याचा की दुखण्याचा? पुढचे सहा महिने मी गावी की फडावर? रोज, आठवड्याला की तीन महिन्यांनी, मला काय जमेल? एखादे साधन मानवले नाही तर बदलता येते. काढलेली पिशवी परत बसवता येत नाही.

याचा अर्थ पिशवी कधीच काढू नये असा नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, सगळे उपाय थकले असतील तर ते ऑपरेशन जीव वाचवते. पण "कॅन्सर होईल" असे नुसते सांगणे म्हणजे तपासणी नव्हे. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना तीन महिन्यांत त्या अमलात आणण्यास सांगितले. विचारणा करण्याचा हक्क आता कागदावर आहे. तो वापरायचे आपल्या हाती.

सभासदांना विनंती

ज्यांच्या रानात टोळी उतरेल त्यांनी विहिरीचे पाणी व एक आडोसा द्यावा. आशाताईंना कोप्यांची जागा दाखवावी, म्हणजे गोळ्या, लोह आणि इंजेक्शनची तारीख फडापर्यंत पोचेल. मुकादमांनी दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरू नये. दिवसभराने ऊस वाळून वजनात घट येते हे आपण जाणतो आणि त्यासाठी धावपळ करतो. बाईच्या अंगातले रक्त महिनोन्महिने घटत असते, त्याची नोंद कोणत्याच वजनकाट्यावर होत नाही. ती आपण ठेवू या.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते