शेवटच्या वाफ्यापर्यंत

आवणीच्या दिवसांत मुरबाड-शहापूरकडे गेलो, की शेतकरी बंधुभगिनींना मी बियाण्याआधी एक प्रश्न विचारतो : बांधावर कुणाला साप चावला तर कुठे न्याल? बहुतेकांचे उत्तर ठरलेले : ‘ठाण्याला!’

पण ऑगस्ट २०२३ आठवा. जिल्हा रुग्णालयाचे नवे बांधकाम निघाले आणि कळव्याच्या महापालिका रुग्णालयावर भार वाढला. तिथे चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. त्याच १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलेच झाले. पण केसपेपर फुकट मिळाला म्हणून विष वाटेत थांबत नाही. औषध जवळच हवे.

डोंगराळ व आदिवासी भागात २० हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचले नाही, तर आपण पाट तपासतोच ना? तसेच पावसाळ्याआधी ग्रामसभेत विचारा : आपल्या केंद्रात सर्पदंशावरची इंजेक्शने किती आहेत? रात्री डॉक्टर असतात का? रुग्णवाहिका चालू आहे का?

पैसा आपलाच आहे. हिशेब विचारायला लाजू नका.