मनाच्या आजाराची औषधे : गुण आणि त्रास



उसाला कीड लागली की आपण चार जणांना विचारतो, औषध आणतो. पण घरातल्या माणसाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, "माझ्यावर करणी केलीय, मला मारायला टपलेत" असा संशय बळावला, झोप उडाली, तर तेच आपण चार जणांपासून लपवतो. हाही आजारच आहे आणि त्यावर औषध आहे. त्या औषधांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

१९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा अशा रोग्यांवरील उपयोग लिहून प्रसिद्ध केला होता. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसला आणि कोंडून ठेवलेले अनेक रोगी पुढे घरी राहू शकले.

हे औषध करते काय? पाटाला पाणी जास्त सुटले की सरी फुटते. दारे धरून ते आवरावे लागते. या आजारात मेंदूच्या काही भागांत डोपामिन नावाच्या द्रव्याचा जोर वाढतो. औषध तो आवरते. मात्र आवर जास्त झाला, तर शरीराच्या हालचालीही अडतात.

जुन्या औषधांत क्लोरप्रोमाझिन, ट्रायफ्लुओपेराझिन, हॅलोपेरिडॉल येतात. त्यांनी, विशेषतः हॅलोपेरिडॉलने, हात कापणे, अंग ताठणे, मान वाकडी होणे, एका जागी बसवत नाही असे होणे, हे त्रास होतात. वर्षानुवर्षे घेतल्यास तोंडाच्या नकळत हालचालीही सुरू होऊ शकतात. नव्यांत रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अरिपिप्राझोल ही आहेत. त्यांत ताठरपणा बहुधा कमी. पण काहींनी, मुख्यतः ओलान्झापिनने, वजन वाढते व रक्तातली साखरही वाढू शकते. म्हणून वजन व रक्त तपासत राहावे. इतर औषधांना दाद न देणाऱ्यांसाठी क्लोझापिन आहे; पण त्याने क्वचित पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून रक्ततपासणी चुकवून चालत नाही. रोज गोळी घेणे जमत नसेल, तर काही औषधांची दोन-चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनेही मिळतात.

शेतकऱ्याने आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गोळीने गुंगी येत असेल, तर ट्रॅक्टर चालवू नये, रात्री विहिरीवर मोटार चालू करायला एकट्याने जाऊ नये. या औषधांनी उन्हाचा त्रास लवकर होऊ शकतो. भर उन्हात तोडणी करू नये, पाणी पीत राहावे. दारू वर्ज्यच. जोराचा ताप, अंग लाकडासारखे ताठ आणि भान हरपलेले असे एकत्र दिसले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

आता मुख्य गोष्ट. गुण यायला काही आठवडे लागतात. मग रोगी म्हणतो, "आता बरं वाटतंय, गोळ्या कशाला?" घरचेही खर्चाकडे पाहून मान डोलावतात. पण ऊस तोडला म्हणून मुळी मेलेली नसते; पाणी मिळाले की खोडवा फुटतोच. आजाराचेही तसेच. अचानक गोळी बंद केल्याने अनेकांचा आजार उलटतो. पहिल्याच खेपेचा आजार असला तरी औषध बहुधा वर्ष-दोन वर्षे घ्यावे लागते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. ते मात्रा कमी करतात, गोळी बदलतात, ताठरपणावर दुसरी गोळी देतात. बंद करायचीच असेल, तर हळूहळू आणि त्यांच्याच सल्ल्याने.

जळकोटहून धाराशिव वा सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाकडे चौकशी करता येईल. २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा मोफत फोनही आहे. तेथे मराठीत बोलता येते.

देवाला नवस जरूर बोलावा, पण गोळी चुकवू नये. आणि बरा होऊन घरी आलेल्या माणसाला "वेडा" म्हणून हिणवू नये. त्याला कामात घ्यावे, पंगतीत बसवावे, हीच सर्व सभासदांना विनंती.