गाडी सुरू का होत नाही? आधी कान, मग पाना

आजचा विषय आम्ही मुद्दाम साधा ठेवला आहे. चाबी फिरवली आणि गाडी सुरू झाली नाही, तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं आणि काय करायचं नाही, एवढंच. मिस्त्री गावात असेल तर फोन लावला की काम होतं. पण करंजी ते पाटणबोरीच्या मध्ये ४४ नंबरच्या हायवेवर रात्री अकरा वाजता गाडी बसली, किंवा झरी जामणीच्या आतल्या रस्त्यावर फोनला रेंजच नसली, तर तुमचा मिस्त्री तुम्हीच असता.

आमच्याकडे गाडी आणणारा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "भाऊ, गाडी सुरूच होऊन नाही राहिली." यातून आम्हाला काहीच कळत नाही. आमचा पहिला प्रश्न असतो, सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतो? वैद्य नाडी बघतो तसा हा आवाज. आवाज चार प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. अजिबात आवाज नाही. नुसती टकटक. इंजिन फिरतं, पण धरत नाही. धरतं आणि लगेच बंद पडतं. कोणता आवाज आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

टकटक आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त गाड्या तिथेच अडकतात.

टकटक म्हणजे सेल्फमधला सोलेनॉइड ओढला जातोय आणि करंट पुरत नाही म्हणून परत सुटतोय. लोक म्हणतात, "बॅटरी चांगली आहे, लाइट तर लागतात." इथे थोडं गणित करू. हेडलाइटचा जुना बल्ब ५५ वॅटचा असतो, म्हणजे दोन बल्ब मिळून साधारण ९ अँपिअर घेतात. लहान गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. आता बॅटरीच्या टर्मिनलवर तो पांढरा-हिरवा भुगा साचला आहे आणि त्यामुळे तिथे ०.०२ ओहम रोध तयार झाला आहे, असं समजा. लाइटच्या ९ अँपिअरला तिथे ०.२ व्होल्टसुद्धा कमी होत नाही, म्हणून लाइट झकास. सेल्फच्या १५० अँपिअरला मात्र तिथेच ३ व्होल्ट खाल्ले जातात. बॅटरीचे १२ होते, सेल्फपर्यंत ९ पोचले. मग तो फिरेल कसा? बॅटरी नवी असूनही गाडी टकटक करते ती अशी.

म्हणून टकटक आली की बोनेट उघडा आणि टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर ढिलं आहे. बऱ्याच गाड्यांना तिथे दहाचा पाना लागतो, तो गाडीत ठेवाच. भुगा असेल तर टर्मिनल काढून गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा, कोरडं करा, घट्ट बसवा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. का? प्लसचा नट फिरवताना पाना बॉडीला लागला आणि मायनस जोडलेला असला, तर सगळी बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते. मायनस आधीच सुटलेला असला तर पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही.

टर्मिनल ठीक असेल तर दुसरी तपासणी. हेडलाइट लावून ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. लाइट एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे. लाइट तसेच राहिले आणि सेल्फ गप्प, तर बॅटरीला दोष देऊ नका, सेल्फकडे किंवा त्याच्या वायरकडे बघा. मीटर असेल तर आणखी सोपं. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसले पाहिजेत. चालू इंजिनवरही १२ च दिसत असतील तर बॅटरी भरलीच जात नाहीये, मग नवी बॅटरी घेऊन पैसे वाया घालवू नका.

बॅटरी थंडीत मरते असं सगळे म्हणतात. आमच्या मते आपल्या जिल्ह्यात ती मे महिन्यात मरते, डिसेंबरात फक्त समजतं. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, बोनेटखाली त्याहून किती तरी जास्त. आत शिशाच्या प्लेटी गंधकाच्या तेजाबात उभ्या असतात आणि उष्णतेने त्यांची झीज वेगाने होते, पाणी उडतं. ठोकताळा असा की तापमान दहा अंश वाढलं की झीज साधारण दुप्पट. उन्हाळ्यात इंजिनचं ऑइल पातळ असतं, सेल्फला जोर कमी लागतो, म्हणून अर्धी मेलेली बॅटरीही गाडी ढकलून नेते. डिसेंबरच्या पहाटे ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकदही थंडीने कमी पडते, आणि तेव्हा ती हात वर करते. म्हणून बॅटरीची तपासणी पावसाळ्याच्या तोंडावर करा. पाणी टाकायची बॅटरी असेल तर डिस्टिल वॉटरच, विहिरीचं किंवा बोअरचं नाही.

आता दुसऱ्या गाडीवरून करंट घेणं. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. त्या शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. ठिणगी आणि हायड्रोजन जवळ आले तर बॅटरी तोंडावर फुटते. ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही, तेजाब डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो.

आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण हायवेवर मदतीला पहिला थांबतो तो ट्रकवाला. मोठ्या ट्रकमध्ये १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ते २४ तुमच्या कारला दिले तर कंप्युटर, मीटर, लाइट, सगळं एका क्षणात जाऊ शकतं. ट्रकवाल्या भाऊंना चहा पाजा, टोचन करून ढाब्यापर्यंत घ्या, पण वायर जोडू नका. ट्रॅक्टर चालतो. त्याची बॅटरी १२ व्होल्टचीच असते, आणि आपल्याकडे शेतात नाही तर रस्त्यावर ट्रॅक्टर सापडतोच.

धक्का स्टार्टचं विचारलंत. गियरवाली पेट्रोल गाडी असेल आणि बॅटरीत थोडा तरी जीव असेल तर होते. चाबी ऑन, दुसरा गियर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच झटकन सोडायचा. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर आजच्या गाडीला ढकलून घाम गाळू नका, पेट्रोलचा पंप आणि कंप्युटर विजेवर चालतात, त्यांना उठवायलाच काही नसतं. ऑटोमॅटिक गाडी तर ढकलून सुरू होतच नाही. आणि उतारावरून सोडणार असाल तर आधीच समजून घ्या, इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड जातं.

अजिबात आवाज नाही, मीटरचे दिवेही नाहीत, तर टर्मिनल सुटलंय किंवा बॅटरी कोरडी. दिवे आहेत पण सेल्फ गप्प, तर आधी साध्या गोष्टी. ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एन वर आहे का? क्लच पूर्ण दाबला का? बऱ्याच नव्या गाड्या त्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत. मग फ्यूज आणि रिले.

तिसरा आवाज. इंजिन खणखणीत फिरतंय, पण धरत नाही. इथे बॅटरीला हात लावू नका, ती तिचं काम करतेय. इंजिनला हवा, इंधन आणि पेट्रोल गाडीत ठिणगी लागते. चाबी ऑन केल्यावर मागच्या सीटखाली दोनेक सेकंद बारीक घूं आवाज येतो, तो इंधनाच्या पंपाचा. नाही आला तर पंपाचा फ्यूज बघा. मीटरवर चाबीचं किंवा कुलुपाचं चित्र लुकलुकत असेल तर गाडी चाबीला ओळखत नाहीये, दुसरी चाबी लावून बघा. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन जास्त पेट्रोल प्यायलंय. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंधन थांबतं आणि आतलं कोरडं होतं.

शेतातल्या गोठ्याशेजारी, कापसाच्या गंजीजवळ गाडी उभी करणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त बघावी, ती म्हणजे उंदीर. गरम बोनेटखाली त्यांचा संसार सुरू होतो आणि वायर कुरतडली जाते. बोनेट उघडल्यावर कापूस, लेंड्या दिसल्या की कारण शोधायला लांब जायला नको.

डिझेलला ठिणगी लागत नाही. थंडीत मीटरवरचा गुंडाळीचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. टाकी पूर्ण कोरडी झाली होती का? मग पाइपांनी हवा धरली आहे. नुसतं डिझेल ओतून भागत नाही, फिल्टरजवळचा हातपंप दाबून दाबून हवा काढावी लागते. सेल्फ कोणत्याही गाडीत एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाही तर सेल्फ जळतो. आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुर्रर्र फिरतंय असं वाटलं तर टायमिंग बेल्ट तुटला असू शकतो. तिथेच थांबा. पुढचा प्रत्येक सेल्फ वाल्व वाकवू शकतो.

धरतं आणि बंद पडतं, याची कारणं बहुधा फिल्टर, सेन्सर, इंधनातलं पाणी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी तळाला ठेवून सोडू नका.

मीटरवरच्या दिव्यांचं थोडक्यात. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. लाल म्हणजे आत्ता थांबा, आणि त्यातही ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढचं गाव येईपर्यंतसुद्धा जाऊ नका. बॅटरीचा लाल दिवा लागला तर चार्जिंग थांबलंय. दिवसा एसी, पंखा बंद करून काही अंतर जाता येतं, पण तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर असतात. बेल्ट तुटला असेल तर थोड्याच वेळात इंजिन तापेल.

इंजिन तापलं तर बाजूला घ्या, बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण ढिलं केलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. गरम इंजिनवर थंड पाणीही ओतू नका, हेड तडकतं. आणि रोजच्या वापराला बोअरचं पाणी नको. घरी पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो ना, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

शेवटी पाण्यातली गाडी, आणि इथे आम्ही जरा थांबणार आहोत. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून एसटीची बस पुरात वाहून गेली, माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर लोक अडकले, हेलिकॉप्टर मागवावं लागलं. आपल्या नाल्यांना पाणी किती पटकन चढतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. तरी दर पावसाळ्यात "एवढ्याशा पाण्याला काय होते" म्हणत गाडी घातली जाते. हिशेब करा. लहान गाडी साडेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद. गाडीच्या तळाच्या वर फक्त १५ सेंटिमीटर पाणी चढलं, तर ते पाणी गाडीला साधारण पावणेआठशे किलोच्या जोराने वर उचलतं. लहान गाडीचं वजनच सात-आठशे किलो. म्हणजे टायर रस्त्यावर टेकल्यासारखे दिसतात, पण वजन उरत नाही, आणि वाहतं पाणी तिला कडेला सरकवतं. बस जड असते, पण तिची पाण्याला अडणारी बाजूही तेवढीच मोठी. पुलावरून पाणी वाहत असेल आणि रस्ता दिसत नसेल तर थांबा. पुलाचा कठडा किंवा भराव आधीच गेला असला तर ते वरून कळत नाही.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला धडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ मारला नाही तर प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढता येतं, ऑइल बदललं की बऱ्याच गाड्या वाचतात. मारला तर इंजिन उघडावं लागतं, आणि तो खर्च जुन्या गाडीच्या किमतीजवळ जाऊ शकतो.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, रात्री एकटी असताना हायवेवर गाडी बंद पडली तर काय? गाडी जमेल तेवढी डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण मागे पन्नासेक पावलांवर ठेवा. मग गाडीत बसून राहू नका, मागून येणाऱ्या ट्रकला उभी गाडी उशिरा दिसते. रस्त्यापासून दूर, कठड्याच्या पलीकडे उभ्या राहा आणि तिथून फोन लावा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, पोलिसांसाठी ११२. हायवेच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, त्यावरचा आकडा सांगितला की गाडी तुमच्यापर्यंत लवकर पोचते. आणि बोनेट उघडून त्यात डोकं घालायची घाई करू नका, ते काम उजाडल्यावरही होतं.