लखुजींचा वाडा, अंबरची फौज आणि हाडांतली साक्ष

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा पाहताना त्यांच्या कन्या जिजाऊंची कथा ऐकायला मिळते. पण लखुजीराव ज्या निजामशाहीचे सरदार होते, तिची सूत्रं पुढं इथिओपियात जन्मलेल्या, गुलाम म्हणून अनेकदा विकल्या गेलेल्या मलिक अंबरच्या हाती गेली. १६२४ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूनं होते, तर सासरे लखुजीराव मोगलांकडून. अंबरचं नाव तवारिखांत टिकलं. समुद्रापलीकडून आलेल्या साध्या हबशी शिपायांना ते भाग्य लाभलं नाही.

२०११मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी गुजरात-कर्नाटकातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचा डीएनए अभ्यासला. त्यातला आफ्रिकी अंश बांटू भाषक समाजांशी जुळला आणि स्थानिकांशी त्याची सरमिसळ सुमारे २०० वर्षांपूर्वीची निघाली. म्हणजे हा प्रवाह अंबरच्या इथिओपियाहून वेगळा. आपण मात्र हबशी, सिद्दी सगळ्यांना एकाच माळेत ओवतो.

हे धागे सुटे करायचे तर जुनी आफ्रिका कळायला हवी, कारण तिथली वस्तीही सतत हलत राहिली. बांटू भाषक शेतकरी पश्चिमेकडून पूर्वेला नि दक्षिणेला पसरत गेले. इथिओपियातल्या मोटा गुहेत पुरलेल्या माणसाचा ४,५०० वर्षांपूर्वीचा डीएनए २०१५मध्ये वाचता आला, तो उंचावरच्या गारव्यामुळं. असा जुना डीएनए मिळवायला कवटीतलं आतल्या कानाभोवतीचं हाड निवडतात, कारण ते सगळ्यांत घट्ट. त्याची चिमूटभर पूड काढतात. मिळतात ते डीएनएचे तुटके तुकडे. त्यांच्या टोकांची झीज पाहून ते खरोखर जुने आहेत, हात लावणाऱ्या संशोधकाचे नव्हेत, याची खात्री करतात.

२०२३मध्ये पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली किनाऱ्यावरच्या जुन्या कबरी अशाच बोलल्या. तिथल्या अनेकांच्या आया-आज्या मुख्यतः आफ्रिकी, आशियाई अंश बहुतांशी इराणी पुरुषांकडून आलेला, आणि त्यात थोडा भारतीयही. हिंदी महासागरातली ये-जा दुहेरी होती, याचा इतका थेट पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही.

सिंदखेडराजा ज्या बुलडाणा जिल्ह्यात आहे, तिथल्या मातीकडून मात्र असा जुना डीएनए मिळण्याची अपेक्षा फार करता येत नाही. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी ६१ नमुने तपासल्यावर पुरेसा डीएनए एकाच स्त्रीच्या सांगाड्यानं दिला. उष्णता त्याची वैरी, आणि वऱ्हाडातला उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. कुणाची कबर उकरण्यापेक्षा इथल्या माणसांच्या संमतीनं घेतलेले लाळेचे नमुने बरे. हबशी शिपायांनी इथल्याच बायकांशी लग्नं केली असतील, तर ती खूण आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएत दिसणार नाही. ती बापाकडून मुलाकडं जाणाऱ्या वाय गुणसूत्रात शोधावी लागेल.